बाबांसाठी इलेक्ट्रिक शेव्हर घ्यायचाय : फॉईल की रोटरी? आणि पुढं ब्लेड कुठं मिळतात?

कणकुंबीची लेक
नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला असते, आई-बाबा कणकुंबीला. बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय. एसिट्रॉमची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी आता कायमची आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासायला ते इकडं येत असतात. दाढी स्वतःच करतात, साध्या रेझरनं, आठवड्यातून दोनदा. मध्यंतरी हनुवटीखाली जरासं कापलं आणि रक्त थांबता थांबेना. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, आईला तर काही सुचेना. डॉक्टरांनी सांगितलं, ब्लेड बंद करा, इलेक्ट्रिक शेव्हर घ्या. कुठला घ्यायचा ते काही बोलले नाहीत.

खडेबाजारात चौकशी केली. एका दुकानात ट्रिमर हातात देऊन "हाच शेव्हर" म्हणाले. दुसरीकडे तीन चकत्यांचा दाखवला, तिसरीकडे जाळीचा. तिघांनीही आपलाच चांगला म्हणून सांगितलं. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, गालाची कातडी सैल झालीय, मानेवरचे केस आडवे वाढतात. आमच्याकडं पावसाळा म्हणजे काय असतो ते खानापूर भागातल्यांना सांगायला नको. भिंतींना ओल, टॉवेल वाळत नाही, लाईट गेली की कधी येईल नेम नाही. बजेट चार-पाच हजार. ज्यांनी खरोखर वापरलाय त्यांनीच सांगा.

सिस्टर हिंडलगा
ताई, डॉक्टरांचं म्हणणं मनावर घ्या. एसिट्रॉम, वॉरफॅरीन चालू असलेल्या सगळ्यांना आम्ही हेच सांगतो. स्टेंटनंतर ॲस्पिरीन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्यांना, प्लेटलेट कमी असणाऱ्यांनाही. रेझरचं पातं थेट कातडीवरून जातं आणि केसाबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडून नेतं. शेव्हरमध्ये पातं आणि कातडी यांच्यामध्ये जाळी असते, म्हणून धोका कमी. कमी म्हणतेय, शून्य नाही. जाळी फाटलेली असेल तर तीच कातडीत घुसते. तेव्हा दाढीआधी जाळी उजेडात धरून बघायची सवय बाबांना लावा.

कापलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. आपली माणसं इथंच चुकतात, दर मिनिटाला कापूस उचलतात आणि धरलेली गुठळी परत सुटते. एवढं करूनही थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा.

आणि शेव्हर बाबांचा एकट्याचा. नातू आला, पाहुणा आला, "जरा दे रे" असं चालायचं नाही. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि न दिसणारं रक्तसुद्धा त्याला पुरतं.

उद्यमबाग टर्नर
आधी ट्रिमरचा घोळ मिटवतो. ट्रिमरला दोन दातेरी पट्ट्या असतात, एक स्थिर, एक हलती. कातडीवर खुंट ठेवूनच तो कापतो. बाबांना गुळगुळीत नको असेल, नुसतं नीटनेटकं दिसलं की झालं, तर खरं सांगायचं म्हणजे ट्रिमरही पुरेल आणि तो सगळ्यात सुरक्षित. पण ज्यानं जन्मभर घोटून दाढी केली त्याला हाताला खुंट लागले की चैन पडत नाही. मग शेव्हरच.

शेव्हर दोन जातीचे. फॉईल म्हणजे वर पातळ जाळी आणि तिच्याखाली डावी-उजवीकडं पळणारी पाती. रोटरी म्हणजे गोल चकत्या, खाली फिरणारी पाती. दोन्हीचं तत्त्व आमच्या पॉवर प्रेसवरच्या पंच-डायचं. भोकात केस शिरला, खालून पातं आलं, भोकाच्या कडेवर केस तुटला. त्यामुळं धार एकट्या पात्याला असून भागत नाही, भोकाची कडही तेवढीच तीक्ष्ण लागते. लोक पातं बदलतात आणि जाळी जुनीच ठेवतात, मग "ब्लेड नवीन टाकलं तरी ओढतंय" म्हणतात. ओढणारच!

फॉईलच्या जाळीचं काम बघण्यासारखं असतं. पत्र्याला पंच मारून ती भोकं पाडत नाहीत. साच्यावर विजेनं निकेलचा थर चढवत नेतात, भोकं जागच्या जागी तयार होतात, मग तो थर सोलून काढतात. दाढीच्या केसापेक्षाही पातळ पापुद्रा. म्हणून फॉईल जवळून कापतं आणि म्हणूनच नाजूकही असतं. बेसिनवर आपटलं, बोट दाबलं, की चेपलं. ब्राऊननं १९५० साली एस ५० काढला तेव्हापासून ते जाळीवाले, फिलिप्स १९३९ पासून चकतीवाले. पॅनासोनिकही जाळीवाले, त्यांच्या वरच्या मॉडेलांत लिनिअर मोटर, म्हणजे गोल न फिरता सरळ मागं-पुढं पळणारी, मिनिटाला १४,००० फेऱ्या. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, अमेरिकेत जेकब शिकनं कोरड्या दाढीचं मशीन बाजारात आणलं होतं, तो लष्करातला माणूस.

आता बाबांचं. रोज दाढी करणारा, केस आखूड, कातडी लगेच लाल होणारी असेल तर फॉईल. दोन-तीन दिवसांची वाढ, आडवे पडलेले केस, हनुवटी-मानेचे खोलगट भाग असतील तर रोटरी. तुमच्या वर्णनावरून रोटरी. पण सैल कातडीवर दोन्हीला एक अट, दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायला हवी.

निवृत्त मराठा
जय हिंद. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये भरती झालो तेव्हापासून रोज सकाळी दाढी. थंडी असो, तंबू असो, पाणी मगभर असो. माझं मत स्पष्ट आहे, ब्लेडइतकी साफ दाढी कुठलंही मशीन करत नाही. गालावर उलट्या दिशेनं हात फिरवला की फरक कळतो. हे तुमच्या बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पहिल्याच आठवड्यात मशीन कपाटात टाकतील आणि परत रेझर काढतील.

हल्ली साखरेमुळं मीही मशीनच वापरतो, म्हणून पद्धत सांगतो. दाढी आंघोळीच्या आधी. आंघोळीनंतर कातडी फुगलेली असते, केस मऊ होऊन लोळतात, मशीन नुसतं वरून सरकतं. चेहरा पूर्ण कोरडा. दमट हवेत घाम आणि तेलकटपणा राहतोच, त्यावर साधी टाल्कम पावडर हलक्या हातानं लावायची, मशीन अडखळत नाही. जाळीचं असेल तर सरळ, केसांच्या उलट दिशेनं. चकत्यांचं असेल तर लहान लहान गोल फेरे. आणि दाबायचं नाही. रेझरची सवय असलेला माणूस दाबतोच, कारण रेझर दाबला की कापतो. मशीन दाबलं की केस आडवा पडतो आणि कातडी तेवढी भोकात शिरते.

कातडीला सवय व्हायला तीन-चार आठवडे जातात. त्या काळात थोडी लाली, थोडी खाज. मधेच एक दिवस ब्लेड, एक दिवस मशीन असं केलं तर सवय लागतच नाही.

शहापूर सलून
काकांनी बरोबर सांगितलंय. एक भर घालतो, आमचा पिढीजात धंदा आहे म्हणून. मानेवरचे केस सगळे एका दिशेनं कधीच नसतात. डाव्या बाजूला खाली, उजवीकडं आडवे, कंठाजवळ तर भोवरा असतो. बाबांची दोन दिवसांची वाढ असताना बोट फिरवून बघा, कुठं गुळगुळीत लागतंय, कुठं खरखरीत. जिकडून खरखरीत, तिकडून मशीन न्यायचं. मान जरा मागं टाकली की कातडी आपोआप ताणली जाते, वय झालेल्याला दुसऱ्या हातानं ताणायची गरजच कमी.

खरं एक ध्यानात ठेवा, ज्यांचे केस कुरळे आणि राठ, ज्यांना मानेवर पुटकुळ्या येतात, केस आत वळतात, त्यांनी फार घोटून करूच नये. आम्ही अशा गिऱ्हाइकाला वस्तरा लावतच नाही, ट्रिमरनं बारीक करून सोडतो. मशीन दुकानातून आणा नाहीतर ऑनलाइन, ही गोष्ट बदलत नाही.

आणि ताई, बाबांना महिन्यातून एकदा सलूनमध्ये जायची आवड असेल तर ती तोडू नका. न्हाव्याला गोळीचं सांगायचं, वस्तरा नको म्हणायचं. कात्री आणि ट्रिमरवर काम होतंय की.

कणकुंबीची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. काकांचं "ब्लेडइतकी साफ होत नाही" ऐकून ते म्हणाले, "हा माणूस खरं बोलतोय, ह्याचं ऐक." आता लाईटचं सांगा. चार्जिंग संपलेलं असताना वायर लावून चालतो का?

उद्यमबाग टर्नर
पाण्याखाली धुता येणारे बरेचसे शेव्हर वायर लावलेली असताना मुद्दाम चालूच होत नाहीत. ती सुरक्षेची सोय आहे, ओल्या हातात मेन्सला जोडलेलं मशीन नको म्हणून. त्यामुळं बॅटरी महत्त्वाची. लिथियम-आयन घ्या. तास-दीड तासात भरते, बऱ्याच मॉडेलांत पाच मिनिटं लावली तरी एक दाढी निघते. स्वस्तातल्या निकेल-मेटल हायड्राइडला आठ तास लागतात, आणि तुमच्याकडं पावसात सलग आठ तास लाईट मिळेल ही खात्री कोण देणार? ४५ मिनिटं चालणारी बॅटरी असेल आणि बाबांना एका वेळेला दहा मिनिटं लागत असतील तर आठवड्याला दोन दाढ्या धरून दोन आठवडे निघतात. यूएसबीवर चार्ज होणारं मिळालं तर उत्तम, पॉवर बँकवर भागतं.

अथणीकर
आमच्याकडं पावसाचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतोय तसला. जाळी नळाखाली धुऊन तशीच ठेवली की भोकांत क्षार धरतोय, आणि मग मशीनचा आवाज बदलतोय, जड चालतंय. मी आता असं करालोय : रोज नुसतं झटकायचं, आठवड्याला एकदा कोमट पाणी आणि हात धुवायच्या लिक्विड साबणाचा थेंब टाकून चालू करून धुवायचं, शेवटी पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यानं खळखळून काढायचं. उघडं ठेवून पूर्ण वाळवायचं. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब जाळीवर, पाच-दहा सेकंद चालवायचं. तेल दिलं की आवाज लगेच मऊ होतोय, तुम्हालाच कळेल.

जाळीला ब्रश कधी लावू नका. ब्रश आतल्या पात्यासाठी असतो. आणि उन्हाळ्यात इकडं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नका. माहितीपत्रकांत बहुधा ३५ अंशांपर्यंतच चार्ज करा असं असतंय. पहाटे लावायचं.

उद्यमबाग टर्नर
रोटरी उघडून धुणाऱ्यांसाठी एक. तीन चकत्या आणि तीन पाती यांच्या जोड्या असतात. चालून चालून प्रत्येक पातं आपल्या चकतीला बसलेलं असतं. तिन्ही एकदम काढून वाटीत टाकली आणि वाटेल तसं परत बसवलं की कापणं बिघडतं, पुन्हा एकमेकांना बसायला बराच काळ जातो. एका वेळी एकच काढा, धुवा, बसवा, मग दुसरं.

निपाणी पेठ
कुणीच मुद्द्याचं बोलत नाही म्हणून लिहितोय. मशीन मिळतं हो, सगळीकडं मिळतं. ब्लेड मिळतात का ते बघा! माझ्याकडं एक चांगलं जाळीचं मशीन होतं, कंपनीचं नाव घेत नाही. मोटर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. जाळी फाटली. निपाणीत नाही, कोल्हापुरात तीन दुकानं हिंडलो, नाही. बेळगावात "मागवून देतो" म्हणाले, फोन करून करून थकलो. ऑनलाइन आलं ते नकली, डब्यावर छापील किंमत नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, बसवलं तर एका बाजूनं डुगडुगतंय. शेवटी चांगलं चालणारं मशीन टाकून द्यावं लागलं. मला याचा अजून राग येतो.

जाळी-पाती झिजणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. फिलिप्स दोन वर्षांनी हेड, म्हणजे वरचा कापणारा भाग, बदला म्हणतं, ब्राऊन दीड वर्षानं, पॅनासोनिक बाहेरची जाळी वर्षानं आणि आतलं पातं दोन वर्षांनी. म्हणजे आज घेतलेलं मशीन पाच वर्षं वापरायचं तर दोन-तीन वेळा हेड लागणार. त्याची किंमत आत्ताच विचारा, कधी कधी मशीनच्या निम्मी असते. प्रत्येक हेडला नंबर असतो, फिलिप्सचे एसएच ३०, एसएच ७१ असे, ब्राऊन सिरीज ३ ला ३२ बी. तो नंबर सांगून दुकानदाराला म्हणायचं, आत्ता काढून दाखव. दाखवला तर मशीन घ्यायचं. आमच्या सीमाभागात माणूस दोन शहरांच्या मधे असतो, एकीकडचा दुकानदार दुसरीकडं बोट दाखवतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही, आपल्याला लागतो.

बिलाचं मात्र घाबरू नका. मोठ्या कंपन्यांची वॉरंटी देशभर चालते, कोल्हापूरचं बिल बेळगावात चालतं. फक्त जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कागदावरची शाई वर्षात उडते.

सिस्टर हिंडलगा
निपाणीकरांच्या पोस्टला माझ्याकडून दुजोरा. आमच्या वॉर्डात पेशंटचे नातेवाईक झिजलेलं, फाटकं मशीन घेऊन येतात, कारण हेड मिळालं नाही म्हणून तसंच चालवलेलं असतं. रक्त पातळ असलेल्याला ते नव्या ब्लेडपेक्षा वाईट. दुकानात हेड मिळतंय की नाही, ही बाबांच्या बाबतीत तब्येतीचीच गोष्ट झाली.

कणकुंबीची लेक
शनिवारी घेऊन आले. निपाणीच्या दादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पहिल्या दुकानात जाळीचं मशीन फार सुंदर होतं, हातात धरायला हलकं, पण हेड "ऑर्डर केल्यावर". दुसरीकडं रोटरी होता, साधा, आणि त्याचं हेड फळीवर धूळ खात पडलेलं. तिथूनच घेतला. दोन्ही घेतले, मशीन आणि एक जास्तीचं हेड. छापील किंमत, आयात करणारा, महिना-वर्ष सगळं डब्यावर बघून. लिथियम बॅटरी आहे, धुता येतो.

डब्यातलं माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत. बाबांना चष्मा लावूनही ती बारीक अक्षरं लागत नाहीत. मी वहीच्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून आरशाशेजारी चिकटवलं. जाळी उजेडात बघा. चेहरा कोरडा, पावडर. दाबायचं नाही. गोल फिरवा. एका वेळी एकच चकती काढा. शेवटची ओळ आईनं सांगून लिहून घेतली : "रेझर मी ठेवलाय, विचारू नका."

पहिल्या दाढीला बाबांनी भरपूर वेळ घेतला. आवाजाची भीती वाटली म्हणाले, कानाजवळ आला की डोळे मिटत होते. मानेवर खुंट राहिले. दुसऱ्या वेळी सलूनवाल्या दादांनी सांगितलं तसं आधी बोट फिरवून बघितलं, कंठाजवळ खरंच भोवरा निघाला. तिथं वरून खाली नेल्यावर निघालं. थोडी लाली आहे, रक्त नाही. आईनं मला तेवढंच दोनदा सांगितलं, रक्त नाही.

निवृत्त मराठा
शाब्बास पोरी. लालीवर खोबरेल तेलाचा हात पुरे. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको, आधीच चरचरणारी कातडी आणखी कोरडी पडते.

चंदगडी पाव्हणा
आम्ही पलीकडचे, खरं बाजार आमचा बेळगावच. वडील श्रावण पाळतात, महिनाभर दाढी नाही. गणपतीच्या आधी एकदम काढायची असते. तेव्हा रोटरी चालेल काय? गेल्या वर्षी भावानं मशीन लावलं तर केस ओढून डोळ्यात पाणी आलं त्यांच्या.

शहापूर सलून
नाही चालणार. कुठलाच शेव्हर महिन्याची दाढी घेत नाही, लांब केस भोकात शिरतच नाही, नुसता पिरगळतो. आधी ट्रिमर, कंगवा न लावता, अगदी बारीक करायचं. मशीनच्या पाठीमागं उघडणारा छोटा ट्रिमर असतो तो मिशी-कल्ल्यांसाठी, पूर्ण दाढीला त्याची मोटर तापते. वेगळा ट्रिमर नसेल तर सलूनमध्ये या. पण गणपतीच्या आदल्या दिवशी नको, त्या दिवशी आम्हाला मान वर करायला सवड नसते. दोन दिवस आधी या, निवांत करून देऊ. मग घरी शेव्हर फिरवा.

अथणीकर
ट्रिमर लावल्यावर चेहरा झटकून पुसून घ्या, मगच शेव्हर. सुटे केस जाळीत गेले की पातं अडकतंय.

निपाणी पेठ
ताई, त्या दुकानात त्याच नंबराची आणखी हेडं होती का? गल्ली सांगा. माझ्या सासऱ्यांचं मशीन त्याच जातीचं आहे, पुढच्या आठवड्यात बेळगावला येणं आहे. दोन उचलतो. अजून कुणाला हवी असतील तर मशीनच्या मागचा मॉडेल नंबर इथंच लिहा, एकदम विचारून येतो.

कणकुंबीची लेक
दादा, अजून दोन तरी होती. निरोप पाठवते, गल्ली आणि नंबर दोन्ही.

अथणीकर
माझंही एक धरा. नंबर रात्री बघून लिहितो.